पंडिता रमाबाई, त्रैक्य आणि आमचा मुनाझरा

१९९० च्या आसपासची गोष्ट. मी अकोल्यात कॉलेजात शिकत होतो. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा मुनाझऱ्याच्या कॅसेट फिरत असत. एक वक्ता भरलेल्या सभागृहात पादऱ्याला प्रश्न विचारायचा, पादरी अडखळायचा आणि टाळ्या पडायच्या. त्या ऐकून ऐकून मला आठ-दहा प्रश्न पाठ झाले होते. त्यातला सर्वांत सोपा आणि सर्वांत आवडता प्रश्न बेरजेचा होता. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा, एक अधिक एक अधिक एक म्हणजे किती?

आमच्या वर्गात एक ख्रिस्ती मित्र होता. बसस्टँडजवळच्या टपरीवर चारचौघांत मी त्याला तो प्रश्न टाकला. तो थोडा वेळ कपाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तू हिशोब इचारून राह्यला. मले हिशोब नाही येत. आम्ही घरी रोज संध्याकाळी प्रार्थना करतो, तेवढंच मले माहीत हाय." त्याने सगळ्यांच्या चहाचे पैसे दिले आणि निघून गेला. बाकीचे हसले. मीही हसलो. पुढे कित्येक महिने तो माझ्या बाकावर बसला नाही.

त्या दिवशी मी जिंकलो असे मला बरीच वर्षे वाटत होते. ते का चुकीचे होते, हे मला कुणा पादऱ्याने नाही, एका मराठी बाईने शिकवले. तिचे नाव पंडिता रमाबाई. ज्या प्रश्नावर मी टाळ्या मिळवू पाहत होतो, त्याच प्रश्नावर या बाईने इंग्लंडमध्ये दोन-अडीच वर्षे आपल्या आश्रयदात्यांशी, आपल्या गुरूंशी आणि स्वतःशी झगडा केला होता. फरक एवढाच, की तिने तो झगडा बाप्तिस्मा घेतल्यानंतर, त्या घराच्या आत राहून केला.

वऱ्हाडातल्या वाचकांना रमाबाई म्हटले की केडगाव आठवेल. पण आपल्या भागाशीही त्यांचा धागा आहे. अकोल्यात मार्कस फुलर आणि जेनी फुलर हे अमेरिकन मिशनरी दांपत्य काम करत होते. जेनी फुलर यांनी हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या दुःखांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले, त्याची प्रस्तावना रमाबाईंची आहे. दौंडला मुलांचे अनाथालय चालवणारे अल्बर्ट नॉर्टन हे रमाबाईंचे सहकारी. ते त्याआधी एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या, बाजूला कोरकूंमध्ये काम करत होते. पुढच्या काळात वऱ्हाडात मिशनांनी जणू जिल्हे वाटून घेतले. अकोला-अमरावतीकडे अलायन्स, यवतमाळला फ्री मेथडिस्ट, बुलढाण्याला नाझरिन. १८९९-१९०० च्या छप्पन्याच्या दुष्काळात पोरकी झालेली कितीतरी मुले मिशनच्या आश्रयाला वाढली. माझ्या त्या मित्राचे पणजोबा त्यांतलेच एक. त्याच्या घरची संध्याकाळची प्रार्थना ही अशी भुकेतून वाचलेल्या माणसाने सुरू केलेली होती. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते, आणि विचारावेसेही वाटले नव्हते.

मुनाझऱ्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तिच्याबद्दल मला आदरही आहे. १० आणि ११ एप्रिल १८५४ ला आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फँडर यांचा प्रसिद्ध वाद झाला. मौलानांच्या बाजूला डॉ. वझीर खान होते, फँडरच्या बाजूला थॉमस व्हॅल्पी फ्रेंच नावाचा तरुण इंग्रज पाद्री होता. त्या काळी राज्यकर्त्यांच्या धर्मप्रचारकाला भर सभेत उत्तर देणे ही साधी गोष्ट नव्हती. त्यामागे हिंमत होती आणि कष्टही होते. डॉ. वझीर खान यांनी युरोपातल्या बायबल-समीक्षेचे ग्रंथ वाचून काढले होते. तीन वर्षांनी, १८५७ साली, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे असेच जाहीर वाद झाले. पराभूत समाजाला ताठ मानेने उभे राहण्यासाठी अशा वादांची गरज होती.

आग्र्याच्या त्या वादाबद्दल एक गोष्ट मात्र आपण सहसा सांगत नाही. ठरलेल्या विषयांच्या यादीत त्रैक्य होते. पण दोन दिवस आधीच्या ग्रंथांचे रद्द होणे आणि त्यांत झालेले फेरफार यांवरच गेले आणि सभा आटोपली. त्रैक्याचा विषय निघालाच नाही. आग्र्याच्या मैदानात जो प्रश्न राहून गेला, तो पुढे तीस वर्षांनी एका मराठी विधवेने इंग्लंडमध्ये काढला.

रमाबाईंचे आयुष्य थोडक्यात सांगतो. जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला. सगळे कुटुंब पुराणे सांगत तीर्थे हिंडले. आईवडील दुष्काळाच्या दिवसांत गेले. भाऊ श्रीनिवासबरोबर रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर लग्न झाले, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही कॉलऱ्याने गेले. पदरी दहा महिन्यांची मनोरमा. त्याच वर्षी त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेज या गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ ला मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात गदारोळ उठला. जोतीराव फुले यांच्यासारखे थोडे लोक सोडले तर कुणी त्यांच्या बाजूने बोलले नाही. इकडे लोक म्हणत होते, बाई ख्रिस्ती झाली, संपली. तिकडे वाँटेजमध्ये वेगळीच चिंता सुरू झाली होती, ही बाई खरेच ख्रिस्ती झाली आहे का?

कारण रमाबाई प्रश्न विचारीत होत्या. १८८४ पासून त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात राहत होत्या. तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील आणि वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो पुढे १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. ए. बी. शहा यांनी तो संपादित केला. ते पुस्तक मला अमरावतीत एका जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडले. सुरुवातीला मी ते कशासाठी वाचले हे प्रामाणिकपणे सांगतो. मला पुरावा हवा होता. खुद्द एका ख्रिस्ती पंडितेने त्रैक्य नाकारले, हे मला कुणाच्या तरी तोंडावर मारायचे होते.

पुरावा सापडला. रमाबाई म्हणत होत्या, देव एक आहे यावर माझा विश्वास आहे. येशूला मी देवाने पाठवलेला तारणारा मानते. पण तो आणि पिता एकच आहेत, तीन व्यक्ती आणि एक देव, हे मला बायबलात स्पष्ट दिसत नाही. येशू स्वतः पित्याची प्रार्थना करतो, त्याच्या इच्छेपुढे मान तुकवतो, मग बरोबरी कशी? कुमारी मातेपोटी जन्म झाला ही गोष्टही त्यांना सहज मान्य होत नव्हती. आणि अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा जो मतांगीकार इंग्लंडच्या चर्चमध्ये ठरावीक सणांना म्हटला जाई, तो म्हणायला त्यांनी साफ नकार दिला. त्या मतांगीकारात त्रैक्याची काटेकोर व्याख्या आहे, आणि ती न मानणाऱ्याचा नाश होईल असेही आहे. ज्यांना हा मतांगीकार ठाऊक नाही अशा आपल्या आप्तांचा नाश होणार, हे मान्य करणे त्यांना शक्य नव्हते.

इथपर्यंत वाचताना कोणालाही वाटेल, ही तर आपलीच भाषा आहे. मलाही वाटले. पण पुढची पत्रे वाचली आणि माझा हात थबकला. रमाबाई कुणाची बाजू घेऊन बोलत नव्हत्या. त्यांच्यापुढे सभा नव्हती, टाळ्या नव्हत्या. वादात त्यांचे सगळेच पणाला लागले होते. परका देश, कान अधू होत चाललेले, पैसा मठाचा, लहान मुलगी मठाच्या ताब्यात वाढत असलेली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच १८८३ साली आत्महत्या केलेली. अशा वेळी ज्यांच्या घरात राहतो त्यांना "तुमचा मुख्य सिद्धांत मला पटत नाही" असे लिहून कळवणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी.

सिस्टर जेराल्डिन यांना हा अहंकार वाटला. धर्माच्या गोष्टी चर्चकडून नम्रपणे शिकायच्या असतात, नवख्या माणसाने त्यांची चिकित्सा करायची नसते, असे त्यांचे म्हणणे. रमाबाईंचे उत्तर असे होते की मी नुकतीच एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले आहे, आता दुसऱ्याच्या जोखडात मान देणार नाही. देवाने मला सदसद्विवेकबुद्धी दिली आहे आणि तिचा जाब मला त्यालाच द्यायचा आहे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, माझी संस्कृत का नको, असेही त्यांनी विचारले होते. पुडिंगमध्ये अंडे असले तर त्या खात नसत, त्यावरूनही कुरबुर होती. वाद त्रैक्याचा होता, पण त्याच्याखाली दुसरा प्रश्न होता. ग्रंथाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा? काळ्या बाईचा की गोऱ्या चर्चचा? बाईचा की बिशपचा?

इथे एक जुना माणूस पुन्हा भेटतो. चेल्टनहॅमला रमाबाईंनी इंग्रज पुरुषांना भारतीय भाषा शिकवाव्यात असा बेत निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी विरोध केला. बाईने पुरुषांना शिकवणे हिंदुस्थानात चांगले दिसणार नाही, असे त्यांचे मत पडले. १८७७ ते १८८७ या काळात लाहोरचे बिशप होते थॉमस व्हॅल्पी फ्रेंच. आग्र्याच्या सभेत १८५४ साली फँडरच्या शेजारी बसलेले तेच. मौलाना कैरानवींसमोर ज्यांनी खुल्या वादाला होकार दिला होता, त्यांना एका बाईने वर्गात उभे राहून भाषा शिकवावी हे मात्र रुचले नाही. पण मला त्यांच्यावर हसण्याचा हक्क नाही. आमच्या किती मदरशांत, किती जलशांत बाईने ग्रंथाचा अर्थ सांगितलेला आपण ऐकून घेतो?

बील बाईंची रीत वेगळी होती. त्यांनी रमाबाईंना दटावले नाही. मुद्द्याला मुद्दा देत, स्वतःला जे समजले ते सांगत त्या लिहीत राहिल्या. या बाईला ढकलले तर ती तुटेल, तिला वाट पाहू द्यावी, असे त्यांना वाटत होते. १८८६ च्या फेब्रुवारीत रमाबाई अमेरिकेला गेल्या. ११ मार्चला फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. तिथे वेगवेगळ्या पंथांचे ख्रिस्ती लोक त्यांनी पाहिले आणि आपण अमुक एका पंथाच्या नाही, अशीच त्यांची भूमिका राहिली. बरोबर तीन वर्षांनी, ११ मार्च १८८९ ला, त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले.

आता मराठीतल्या एका शब्दाकडे वळतो, कारण माझ्या मते अर्धी गाठ त्या शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'आत्मा'.

ख्रिस्ती त्रैक्यातला तिसरा घटक मराठीत 'पवित्र आत्मा' झाला. माणसाच्या आत जे आहे तेही 'आत्मा'. आणि वेदान्तात जे ब्रह्माहून वेगळे नाही तेही 'आत्मा'. म्हणजे शास्त्र्याच्या घरात वाढलेल्या माणसाने 'पवित्र आत्मा' ऐकले की त्याच्या कानात उपनिषदे वाजणार. हिब्रूत श्वासाशी, जिवंतपणाशी जोडलेले दोन शब्द आहेत, नेफेश आणि रूआख. ग्रीकमध्ये प्सुखे आणि प्न्यूमा. आपल्या अरबीतले नफ्स आणि रूह हे त्या हिब्रू शब्दांचे सख्खे भाऊ. मराठी बायबलात पौलाच्या एका पत्रात आत्मा, जीव आणि शरीर अशी तिन्ही नावे एका ओळीत येतात. त्यावरून माणूस तिहेरी आहे की दुहेरी, जीव आणि आत्मा एकच की दोन, हा वाद ख्रिस्ती लोकांत आजही चालतो.

वऱ्हाडात तर 'जीव' हा शब्दही मोकळा नव्हता. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे मोठे स्थान. तेराव्या शतकात तिथे म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या शिकवणीत जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चार वेगवेगळी आणि नित्य तत्त्वे आहेत. जीवाला परमेश्वराचा लाभ होतो, पण जीव स्वतः परमेश्वर होत नाही. म्हणजे मिशनरी इथे येण्याच्या सहाशे वर्षे आधी आपल्या मातीत जीव आणि देव यांच्यातल्या अंतरावर मराठीत बारकाईने विचार झाला होता.

हे अंतर ओळखणारा एक ख्रिस्ती मराठी पंडित होऊन गेला, नीलकंठशास्त्री गोऱ्हे. जन्म १८२५, घराणे चित्पावन, वास्तव्य काशीचे. ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघालेले शास्त्रीबुवा १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोऱ्हे म्हणून ओळखले जाऊ लागले. १८६० साली त्यांनी 'षड्दर्शनदर्पण' लिहून सहा दर्शनांची चिकित्सा केली. त्यात त्यांचा मोठा रोख आत्म्यावर होता. जो जीव चुकतो, पाप करतो, रडतो, तो परब्रह्मच आहे असे म्हटले तर पाप कोणाचे आणि क्षमा कोणाला? आणि जीव अनादी असेल तर देव त्याचा निर्माता कसा? गोऱ्ह्यांच्या मते जीव हा निर्माण केलेला आहे, देवाहून वेगळा आहे, आणि म्हणूनच त्याला देवाची गरज आहे. रमाबाईंवर त्यांच्या लेखनाचा मोठा प्रभाव पडला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

जीव निर्मित आहे आणि निर्माता वेगळा आहे, इथपर्यंत गोऱ्हे आणि एखादा मौलवी एका पंगतीत बसतील. पण याच भिंतीवर रमाबाईंचा प्रश्न आदळतो. निर्माता आणि निर्मिती यांच्यात इतकी खोल दरी असेल तर येशू दरीच्या कोणत्या बाजूला? चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा आरियस म्हणाला होता, कितीही थोर असला तरी निर्मितीच्या बाजूला. ३२५ साली निकिया गावी सम्राट कॉन्स्टंटाइनने भरवलेल्या परिषदेने निर्णय दिला, पुत्र पित्याच्याच सत्त्वाचा आहे. पवित्र आत्म्याचे स्थान ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत पक्के झाले. म्हणजे आज प्रत्येक चर्चमध्ये सहज म्हटले जाणारे वाक्य ठरायला ख्रिस्ती लोकांना शतके लागली. आत्म्याबद्दल तर आणखी लांबली. तो जन्माआधी अस्तित्वात असतो का, आईबापाकडून येतो की प्रत्येक वेळी देव नवा घडवतो, यावर त्यांच्या मोठमोठ्या आचार्यांत मतभेद होते. पूर्वास्तित्वाचे मत ५५३ साली परिषदेने त्याज्य ठरवले.

हे वाचून "पाहा, यांचा धर्म माणसांनी ठरवला" असे म्हणायला आपली जीभ वळवळते. त्याआधी आपले घर पाहू.

८३३ साली खलिफा मामूनने काझींना आणि हदीसच्या विद्वानांना एकच प्रश्न विचारण्याचा हुकूम काढला, कुरआन निर्मित आहे की नाही? अनिर्मित म्हणणाऱ्यांना त्रास सुरू झाला. इमाम अहमद बिन हंबल यांना कैद झाली, पुढच्या खलिफाच्या काळात फटके बसले. मामूनच्या फर्मानात युक्तिवाद काय होता? जे लोक कुरआनला अनिर्मित म्हणतात ते ख्रिस्ती लोकांसारखेच बोलतात. ख्रिस्ती म्हणतात ईसा हा अल्लाहचा शब्द आहे म्हणून तो निर्मित नाही, आणि तुम्ही म्हणता कुरआन हा अल्लाहचा शब्द आहे म्हणून तो निर्मित नाही. शेवटी ज्यांना फटके बसले त्यांचेच मत आपल्याकडे रूढ झाले. अल्लाहचे ज्ञान, त्याची कुदरत, त्याचे बोलणे हे गुण अनादी आहेत. मग अनादी गोष्टी अनेक झाल्या का? अशअरी उलेमांनी उत्तर दिले, हे गुण म्हणजे तो स्वतःही नव्हेत आणि त्याच्याहून वेगळेही नव्हेत. माझ्या मित्राने टपरीवर मला या वाक्याची बेरीज करायला सांगितली असती तर?

मी हे दोन सिद्धांत सारखे आहेत असे म्हणत नाही. गुण वेगळे, व्यक्ती वेगळी. आपण मुसलमान तौहीदवर उभे आहोत आणि मी तिथेच उभा आहे. कुरआनच्या चौथ्या सूरेतली १७१ वी आयत त्रैक्य म्हणण्यापासून स्पष्ट रोखते. पण त्याच आयतीत हजरत ईसा यांना अल्लाहचा कलिमा आणि त्याच्याकडून आलेली रूह म्हटले आहे. रूहुल कुदुस ही संज्ञा कुरआनात चार ठिकाणी येते. आपले मुफस्सिर तिचा अर्थ बहुतेक जिब्रील असा करतात. पण मराठीत सांगायची वेळ आली की आपल्याही तोंडी तेच दोन शब्द येतात, पवित्र आत्मा. बगदादमध्ये हे लोक एकमेकांशी खुलेपणी बोलत. ७८१ च्या सुमारास खलिफा महदी आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख तिमोथी यांची त्रैक्यावर चर्चा झाली. दहाव्या शतकात फाराबींचा ख्रिस्ती शिष्य यह्या इब्न अदी याने, आधीच होऊन गेलेल्या अल-किंदींच्या आक्षेपांना अरबीत उत्तर लिहिले. किंदींचे आक्षेप आज आपल्याला वाचायला मिळतात ते त्या ख्रिस्ती माणसाने ते उत्तरापूर्वी नीट उतरवून घेतले म्हणून. आपल्या प्रतिपक्षाचे म्हणणे इतक्या सचोटीने मांडणे, हेही मुनाझऱ्याचेच अंग होते. कॅसेटमध्ये ते उरले नव्हते.

आणि रूह म्हणजे काय यावर आमच्या घरात तरी कुठे एकमत होते? दादी दर जुमेरातीला संध्याकाळी ऊद लावायची. घरातून गेलेल्यांच्या रूह त्या वेळी उंबऱ्यावर येतात, असे तिचे म्हणणे. मशिदीतले मौलवी साहेब याला आधार नाही म्हणायचे. वडील दोघांचे ऐकून गप्प बसायचे. इमाम गझालींनी इह्यामध्ये कल्ब, रूह, नफ्स आणि अक्ल या चार शब्दांचे अर्थ वेगळे करायला आख्खे प्रकरण खर्च केले. इब्न कय्यिम यांनी रूहवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आणि कुरआनच्या सतराव्या सूरेत, लोक रूहबद्दल विचारतात तेव्हा उत्तर मिळते ते असे, की ती रब्बच्या हुकमातली गोष्ट आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडेच दिले गेले आहे. दादी, मौलवी साहेब आणि वडील, तिघांनाही ही आयत पाठ होती.

रमाबाईंची गोष्ट पुढे कुठे गेली हेही सांगितले पाहिजे, नाहीतर मी त्यांना अर्ध्यावर सोडून माझा पुरावा खिशात घातल्यासारखे होईल. त्या त्रैक्याच्या विरोधात राहिल्या नाहीत. १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनात मोठा बदल झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त आता सापडला, अशा अर्थाचे त्यांनी पुढे लिहिले. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जी मोठी प्रार्थनेची लाट आली, ती पवित्र आत्म्याच्याच नावाने. ज्या तिसऱ्या घटकाला त्या तरुणपणी पुस्तकात शोधत होत्या, त्याच्यासाठी आता शेकडो मुली रात्र रात्र प्रार्थना करीत होत्या. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यात घालवली. संस्कृताने जड झालेले, दर्शनांचा वास असलेले शब्द टाळावेत, खेड्यातल्या बाईला कळावे, असा त्यांचा हट्ट होता. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. ते भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून पूर्ण बाहेर पडले.

त्यांचा शेवट मला पटला का? नाही. त्यांचे १८८५ चे म्हणणे मला जवळचे आहे, १९०५ चे नाही. पण ती सगळी वाट एकाच बाईची आहे. तिने नाकारले तेव्हा कुणाच्या भीतीने मान्य केले नाही, आणि मान्य केले तेव्हा कुणाच्या दडपणाने केले नाही. तिच्या नकाराचे वाक्य कापून आपल्या कॅसेटमध्ये चिकटवणे म्हणजे तिच्याशी सिस्टर जेराल्डिनपेक्षा वाईट वागणे आहे. सिस्टरने निदान तिची पत्रे जपून ठेवली.

काही वर्षांपूर्वी त्या मित्राचे वडील अमरावतीत वारले. मी मातीला गेलो. पाद्री मराठीतच बोलत होते, आणि आत्मा हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मी बाजूला उभा राहून मनात जे आपण अशा वेळी म्हणतो ते म्हटले. नंतर घरी चहा झाला. तीस वर्षांनी मी त्याला विचारले, "तुमच्यात पवित्र आत्मा म्हणतात, ते म्हणताना तुला नेमके काय वाटते?"

तो माझ्याकडे पाहून हसला. "आता हिशोब नाही इचारत?"

"नाही," मी म्हणालो.

मग तो अर्धा तास बोलला. त्यातले बरेचसे मला पटले नाही आणि तसे मी त्याला सांगितलेही. तो म्हणाला, "सांग ना मंग, तुमच्यात रूह म्हणजे काय?" मी दादीच्या जुमेरातीपासून सुरुवात केली.